कॉम्प्युटर बिघडला? आधी खोलीत नजर फिरवा

मागच्या हिवाळ्यात नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातून एका काकांचा फोन आला. "भाऊ, हा लॅपटॉप मी बसलो की झोपतो. नातू बसला की तासन् तास चालतो. माझ्यावरच काहून रुसून राहिला?"

दोन दुकानांत दाखवून झालं होतं. एकानं विंडोज नव्यानं टाकून दिलं होतं, दुसऱ्यानं मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर) संशय घेतला होता. मी काहीच न उघडता काकांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसलो आणि त्यांना पेपर वाचू दिला. दहा मिनिटांत स्क्रीन काळी झाली. त्या क्षणी त्यांचा डावा हात कीबोर्डच्या खालच्या कडेवर टेकला होता आणि मनगटात सांधेदुखीसाठी घेतलेलं चुंबकाचं कडं होतं. झाकण मिटलं हे लॅपटॉपला कळावं म्हणून झाकणात एक छोटं चुंबक असतं आणि खालच्या भागात ते ओळखणारा सेन्सर. कडं त्या सेन्सरवर आलं की लॅपटॉपला वाटायचं, झाकण मिटलं, आता झोपा. कडं उजव्या हातात गेलं आणि खेळ संपला. (फ्लिप कव्हरचा मोबाइल लॅपटॉपच्या कडेवर ठेवला तरी हेच होऊ शकतं.)

मी अकरा वर्षं बर्डीवरच्या एका दुकानात टेबलावर बसून कॉम्प्युटर दुरुस्त केले. माणूस स्कूटरवर पायांपाशी सीपीयू (म्हणजे कॉम्प्युटरचा डबा) धरून घामाघूम होत यायचा, आम्ही तो टेबलावर लावायचो आणि तो दिवसभर मुकाट चालायचा. "घरी तर बंद पडून राहिला होता ना भाऊ!" असं तो माणूस ओशाळून म्हणायचा. तो खोटं बोलत नव्हता. बिघाड घरीच राहिलेला असायचा, भिंतीतल्या सॉकेटमध्ये, खिडकीतल्या कूलरमध्ये नाहीतर शेजाऱ्याच्या मोटारीत. म्हणून खाली जो क्रम दिलाय त्यानं जा. स्क्रूड्रायव्हर बराच उशिरा लागतो, कित्येकदा लागतच नाही.

आधी वही

चार-पाच दिवस एक वही कॉम्प्युटरपाशी ठेवा. गडबड झाली की घड्याळात पाहून वेळ लिहा. त्या वेळी घरात काय चालू होतं तेही लिहा: कूलर, मिक्सर, पाण्याची मोटर, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन. समोर कोण बसलं होतं, चार्जर लावलेला होता की नाही, बाहेर पाऊस होता का. स्क्रीनवर काही मजकूर आला तर मोबाइलनं फोटो काढा. विंडोज कोसळल्यावर येणारी निळी (नव्या विंडोज ११ मध्ये काळी) स्क्रीन क्षणभरच टिकते, पण तिच्यावर खाली जो स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचं नाव, येतो तो फोटोत सापडला तर पुढच्या माणसाचं निम्मं काम होतं.

मग शेवटचा प्रश्न: बिघाड सुरू होण्याआधी काय बदललं? यावर हमखास उत्तर येतं, "काहीच नाही." त्यावर विश्वास ठेवू नका, स्वतःच्या उत्तरावर तर मुळीच नको. प्रश्न तुकड्या-तुकड्यांत विचारा. टेबल सरकवला का? कूलर बसवला का? रंगकाम झालं का? नवा पेन ड्राइव्ह, नवी हार्ड डिस्क, नवा स्पीकर? कामवाल्या मावशींनी टेबलामागून झाडू फिरवला का?

विंडोजसुद्धा अशी वही ठेवतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. सर्चमध्ये इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' असं काही दिसेल. त्यात तारखेनिहाय लाल फुल्या असतात, आणि त्याच तक्त्यात कोणत्या दिवशी कोणतं सॉफ्टवेअर किंवा अपडेट बसलं तेही असतं. पहिली लाल फुली ज्या दिवशी आहे, त्याच्या आदल्या दोन दिवसांत काय बसलं ते पाहा.

आणि एक नियम कडकपणे पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी एका रविवारी रॅम (मदरबोर्डवर खोचलेली मेमरीची पट्टी) साफ केली, केबल बदलली आणि यूपीएस काढून टाकला. बिघाड गेला. महिन्यानं नवा यूपीएस आणला, बिघाड परत आला, तर ते नव्या यूपीएसला दोष देत बसले. खरं तर नव्या यूपीएससोबत त्यांनी जुनी केबलही पुन्हा लावली होती.

भिंतीपासून सुरुवात

एप्रिल लागला की नागपुरात ठरलेली तक्रार येते: कूलर सुरू केला की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, तेवढ्या क्षणापुरतं त्या लाइनवरचं व्होल्टेज दबतं. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (सीपीयूच्या आतल्या पॉवर सप्लायच्या डब्यात) असा खंड सोसायची ताकद असते, पण पूर्ण लोडवर ती जेमतेम १६ मिलिसेकंदांची. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. एका आवर्तनाइतकाही दम त्यात नसतो. त्यात सॉकेट सैल असेल तर विचारूच नका.

तपासायचा क्रम असा:

१. कूलर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर, एकाच एक्स्टेन्शनवर असतील तर आधी वेगळे करा.

२. स्पाइक गार्ड, एक्स्टेन्शन, यूपीएस सगळं बाजूला काढून कॉम्प्युटर थेट भिंतीत लावा आणि दोन दिवस वापरा.

३. तरीही बंद पडला तर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर लावून पाहा.

४. पहिल्या सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावा आणि प्लग अगदी हलका हलवा. दिवा मिचकावला, सॉकेटवर काळा डाग दिसला किंवा जळका वास आला तर बटन बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. ते काम आपलं नाही.

५. पॉवर कॉर्ड बदलून पाहा. सीपीयूची आणि मॉनिटरची कॉर्ड बहुधा सारखीच असते, त्यामुळे अदलाबदल फुकटात होते. बिघाड सीपीयू सोडून मॉनिटरकडे गेला तर चोर सापडला.

मानेवाड्याच्या एका ताईंचं प्रकरण वहीमुळेच सुटलं. त्या घरून काम करतात. कॉम्प्युटर रोज सकाळी साडेसहाच्या आसपास एकदा-दोनदा रीस्टार्ट व्हायचा, नंतर दिवसभर काही नाही. त्यांच्या घरात त्या वेळी काहीच चालू नसायचं. पण साडेसहा ही गल्लीत नळ येण्याची वेळ होती, आणि अर्ध्या गल्लीचे टुल्लू पंप एकदम सुरू व्हायचे. (नळाला टुल्लू लावणं नियमात बसत नाही, ते वेगळं.) त्यांच्या एसएमपीएसवरचं लेबल वाचलं तर इनपुट २०० ते २४० व्होल्ट छापलेलं. १०० ते २४० व्होल्टचा एसएमपीएस बसवला, त्यानंतर सकाळ शांत गेली. तुमच्या सीपीयूच्या आत हे लेबल एसएमपीएसच्या अंगावर असतं, एकदा वाचून ठेवा.

इन्व्हर्टर असूनही लाइन गेली की कॉम्प्युटर बंद होत असेल तर इन्व्हर्टरवरचं एक छोटं बटन शोधा. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असे दोन मोड असतात. नॉर्मलवर तो बॅटरीवर जायला जास्त वेळ घेतो. पंखे-दिव्यांना तो कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो. बटन यूपीएसवर सरकवा. या मोडमध्ये तो व्होल्टेजबाबत जरा नखरे करतो आणि थोडं दबलं तरी बॅटरीवर जातो, पण कॉम्प्युटर चालू राहतो. असा एक 'मदरबोर्डचा दोष' मी नखानं बटन सरकवून दुरुस्त केलाय. पैसे काय मागायचे हे मात्र सुचेना.

कॉम्प्युटरचा स्वतःचा यूपीएस असेल तर त्याच्या आत बहुतेक १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असते. २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. टेबलाखाली कोंडलेल्या यूपीएसचं नागपूरच्या मेमध्ये काय होत असेल, हिशोब करा. मेलेल्या बॅटरीचा यूपीएस नसलेल्यापेक्षा वाईट, कारण वीज जराशी लवली तरी तो बॅटरीवर उडी मारतो आणि तिथे काहीच नसल्यानं सगळं बंद पाडतो. परीक्षा सोपी आहे. कॉम्प्युटर काढून त्या जागी जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब लावा आणि भिंतीतलं बटन बंद करा. बल्ब मिनिटभरही टिकला नाही तर बॅटरी बदला. एलईडीच्या ९ वॉटच्या बल्बनं ही परीक्षा होत नाही, तेवढं ओझं मेलेली बॅटरीही काही वेळ ओढते. आणि लेझर प्रिंटर कधीही यूपीएसवर लावू नका. कागदावर शाई भाजणारा त्याचा रोलर गरम होताना एवढी वीज ओढतो की प्रिंट दिली की यूपीएस किंचाळून बंद पडतो आणि दोष प्रिंटर ड्रायव्हरला जातो.

आता झिणझिण्या. सीपीयूच्या पत्र्याला किंवा लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला अनवाणी हात लावला की मुंग्या येतात. चार्जर लावला की टचपॅडवरचा बाण भूत लागल्यासारखा पळतो, चार्जर काढला की शहाणा होतो. दोन्हीचं मूळ बहुधा एकच, अर्थिंग मिळत नाही. पॉवर सप्लायमध्ये विजेतली घरघर गाळायला जे कपॅसिटर असतात ते किंचितसा करंट अंगाच्या पत्र्यावर सोडतात. तिसऱ्या पिनेतून तो जमिनीत जायला हवा. ती वाट नसली की पत्र्यावर लाइनच्या साधारण निम्मं व्होल्टेज उभं राहतं. म्हणून पाहा: तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये कोंबलाय का, जाड पीन कुणी तोडून टाकली आहे का. घराचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो. जुनी माणसं त्यात बादलीभर पाणी ओतायची, ते अगदी बरोबर होतं. पाणी घालूनही झिणझिण्या राहिल्या तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. अर्थची वायर न्यूट्रलला किंवा नळाच्या पाइपला जोडण्याचा उद्योग जीवावर बेततो.

मे महिना

नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात वापराचं तापमान दिलेलं असतं, अनेकांत ते ३५ अंशांपर्यंतच असतं. म्हणजे कूलर नसलेल्या खोलीत दुपारी दोन वाजता आपण त्याला त्याच्या कराराबाहेरचं काम सांगतोय.

उष्णतेचा बिघाड वेळेवरून ओळखू येतो. सकाळी ठीक, दुपारी रडतो. सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटं बरा, मग एकदम बंद. लगेच सुरू केला तर पाच मिनिटांतच बंद, तासाभरानं केला तर पुन्हा वीस मिनिटं. प्रोसेसर (सगळे हिशोब करणारी मुख्य चिप) तापला की आधी स्वतःची गती उतरवतो, म्हणून बंद पडण्याच्या आधी तो गोगलगाय होतो. टास्क मॅनेजरच्या (विंडोजमध्ये काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या खिडकीच्या) परफॉर्मन्स पानावर सीपीयूचा, म्हणजे इथे प्रोसेसरचा, गिगाहर्ट्झचा आकडा पाहत राहा. काम जोरात चालू असताना तो खाली खाली जात असेल तर उष्णतेवरचा संशय पक्का होतो.

खात्री करायची तर डेस्कटॉपचं बाजूचं झाकण काढा आणि टेबल फॅनचा झोत आत सोडा. वीस मिनिटांत बंद पडणारा दोन तास चालला तर झालं निदान. मग सगळं बंद करून, कॉर्ड काढून, पॉवर बटन दहा सेकंद दाबून ठेवा आणि प्रोसेसरवरच्या पंख्याखाली बघा. पंख्याचं पातं आणि जाळीदार धातू यांच्यामध्ये धुळीची नमद्यासारखी गादी बसलेली असते. वरून फुंकर मारून ती निघत नाही, मऊ ब्रशनं सोडवावी लागते. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. एसएमपीएसचा डबा तर उघडूच नका, कॉर्ड काढल्यावरही त्यात धक्का देण्याइतकी वीज उरते. लॅपटॉपवाल्यांनी आधी एवढंच करावं: गादीवरून उचलून पाटावर ठेवावा. हवा आत घ्यायच्या खाचा बऱ्याचदा तळाला असतात आणि गादी त्या गच्च बुजवते.

तापमान दाखवणारं एखादं सॉफ्टवेअर टाकलंत तर एक भान ठेवा. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या, आणि नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. कॉम्प्युटरमध्येही हे होतं. कुठलासा सेन्सर १२७ अंश दाखवत असेल, आणि बाकी सगळे ५० वर असतील, तर तो बोर्डावर जोडलेलाच नसण्याची शक्यता जास्त. उष्णतेनं १२७ झालेलं मशीन तुम्हाला आकडा दाखवायला जिवंत राहत नाही.

कूलरचा झोत थेट सीपीयूवर घेऊ नका, हे सांगितलं की लोकांना पटत नाही. गार हवा चांगलीच ना? पण ती ओली असते. तिचा हिशोब 'पंखा चालू, स्क्रीन काळी' या भागात येतो.

कूलर आणि वायफाय

हुडकेश्वर रोडवरच्या एका घरात दर उन्हाळ्यात मागच्या खोलीतलं वायफाय मरायचं आणि पावसाळ्यात आपोआप जिवंत व्हायचं. नेटवाल्यांनी राउटर दोनदा बदलून दिला. राउटर बैठकीच्या खिडकीशेजारी होता, आणि मार्चअखेर त्याच खिडकीत पत्र्याचा मोठा कूलर बसायचा. पत्रा रेडिओ लहरी अडवतो, टाकीतलं पाणी उरलेल्या पिऊन टाकतं, आणि तो नेमका राउटर आणि मागच्या खोलीच्या मध्ये उभा. राउटर तीन फूट सरकवून कपाटावर ठेवला.

मोबाइल हातात घेऊन राउटरपासून चालत निघा आणि सिग्नलच्या रेघा कुठे पडतात ते बघा. त्या जागी आणि राउटरच्या मध्ये काय आहे? फ्रिज, स्टीलची कोठी, आरसा, पाण्याची टाकी, लोखंडी गोदरेज कपाट, यांतलं काहीतरी निघतं. वायफाय ठरावीक वेळीच तुटत असेल, दुपारी एकला आणि रात्री नऊला, तर स्वयंपाकघरात जा. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि जुन्या पद्धतीचं वायफाय २.४ वर. कालची भाजी गरम होईपर्यंत मीटिंग अडकते. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचं वेगळं नाव दिसत असेल तर कॉम्प्युटर त्यावर जोडा. त्याची पोच भिंतींपलीकडे कमी असते, एवढं लक्षात असू द्या.

याच पट्ट्यातला आणखी एक चकवा. बिनवायरीचा माउस अडखळतो, सेल बदलला तरी अडखळतोच. सीपीयूच्या मागे पाहा. माउसचं ते नखाएवढं रिसीव्हर एखाद्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टला खेटून आहे का, आणि त्या पोर्टात हार्ड डिस्क आहे का? यूएसबी ३.० चालताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतं, इंटेलनं २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. रिसीव्हर पुढच्या पोर्टात लावा किंवा हातभर यूएसबी एक्स्टेन्शन वायरीनं लांब न्या.

साइट उघडत नाहीत, मोबाइलवर उघडतात

सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की बँक, जीमेल सगळीकडे 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा. मोबाइलवर त्याच वायफायवरून सगळं ठीक. लोक व्हायरस समजून घाबरतात. आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचा. अनेक वर्षं मागची निघाली तर काम सोपं आहे. प्रत्येक सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र ठरावीक तारखेपासून ठरावीक तारखेपर्यंतच चालतं. कॉम्प्युटरच्या मते त्याचा जन्मच अजून झालेला नसतो.

घड्याळ चालतं ते मदरबोर्डवरच्या रुपयाएवढ्या सेलवर, सीआर २०३२, ३ व्होल्ट. गंमत अशी की भिंतीतलं बटन चालू असेल तर बंद कॉम्प्युटरलाही बारीक वीज मिळत राहते आणि सेलची गरज पडत नाही. त्यामुळे जो माणूस रोज रात्री शिस्तीत बोर्डावरचं बटन बंद करतो, त्याच्याच घरी हा बिघाड दिसतो. सेल तर्री-पोह्याच्या दोन प्लेटींच्या भावात मिळतो. काढण्याआधी बायोसच्या (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जच्या) पानांचे मोबाइलनं फोटो घ्या, विशेषतः बूट आणि साटा लिहिलेल्या पानांचे. सेल काढल्यावर या सेटिंग्ज मूळपदावर जाऊ शकतात आणि मग 'विंडोज सापडत नाही' असा नवाच घोर लागतो. अधिकचं चिन्ह वर ठेवून नवा सेल बसवा, तारीख लावा, फोटोंशी ताडून बघा.

घड्याळ नेमकं साडेपाच तासांनी चुकत असेल तर सेल बदलू नका. टाइम झोन भारताचा नाही, एवढंच.

पंखा चालू, स्क्रीन काळी

मॉनिटरवर 'नो सिग्नल' असेल तर मॉनिटर जिवंत आहे, हे आधी मनाला सांगा. मॉनिटरच्या बटनांनी इनपुट तपासा, एचडीएमआयची केबल लावून मॉनिटर व्हीजीएवर बसलेला असतो. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाच्या आडव्या पोर्टात हवी, घर झाडताना निघालेली केबल लोक वरच्या मदरबोर्डच्या पोर्टात खोचतात.

एवढं करून काळीच असेल तर रॅम. कूलरच्या ओल्या हवेत तिच्या सोनेरी दातांवर एक न दिसणारा थर चढतो, आणि उन्हाळ्याच्या शेवटी दुकानात अशा मशीनची रांग लागायची. कॉर्ड काढा, पॉवर बटन दाबून ठेवा, पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज सोडा. दोन्ही बाजूंच्या कड्या उघडून रॅम काढा. पांढरा खोडरबर दातांवर हलकेच फिरवा, भुगा ब्रशनं झाडा, दातांना बोट लावू नका. परत बसवताना दोन्ही टोकांना सारखा दाब द्या, टक असा आवाज यायला हवा. दोन पट्ट्या असतील तर आधी एकच लावून सुरू करा, मग दुसरी. माझ्या टेबलावर आलेल्या 'मेलेल्या' कॉम्प्युटरपैकी कितीतरी या खोडरबरानं उठलेत.

कॉम्प्युटर सुरू होतो पण काळ्या पडद्यावर 'ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही' असं येतं, तर मागेपुढे लावलेले सगळे पेन ड्राइव्ह काढा. तो त्यांच्यात विंडोज शोधत बसलेला असू शकतो. हार्ड डिस्क टिकटिक करत असेल तर मात्र प्रयोग थांबवा, पुन्हा पुन्हा सुरू करू नका, आतले फोटो-कागद महत्त्वाचे असतील तर थेट डेटा काढणाऱ्याकडे जा.

उरलेले चकवे

पासवर्ड बरोबर असून चूक म्हणतो: कॅप्स लॉक तर बघताच, पण लॉगिनच्या पानावर उजव्या कोपऱ्यात भाषाही बघा. विंडोज की आणि स्पेसबार चुकून एकत्र दाबले गेले की मराठी किंवा ब्रिटिश कीबोर्ड येतो. ब्रिटिश कीबोर्डवर ॲट आणि अवतरणचिन्ह यांच्या जागा उलट असतात. पासवर्डशेजारचा डोळा दाबून खरंच काय उमटतंय ते वाचा.

कीबोर्ड अचानक मंद झाला, प्रत्येक बटन दाबून धरावं लागतंय: उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिली की विंडोजचं फिल्टर कीज सुरू होतं. घरात गेम खेळणारं पोरगं असेल तर दुसरं कारण शोधू नका. ॲक्सेसिबिलिटीत जाऊन बंद करा.

पान आपोआप खाली पळतंय, अक्षरं आपोआप उमटतायत: जुना बिनवायरीचा कीबोर्ड कपाटात पुस्तकांखाली दबलेला आहे का? त्याचं रिसीव्हर अजून सीपीयूमागे असेल तर तो तिथूनही इमानेइतबारे टाइप करतो.

आवाज नाही: टास्कबारवरच्या स्पीकरवर टिचकी मारा, आवाज कुठे जातोय ते दिसेल. बऱ्याचदा तो दुसऱ्या खोलीतल्या ब्लूटूथ स्पीकरवर भजन लावून बसलेला असतो.

रोज बंद करूनही दिवसेंदिवस जड होतोय: विंडोज ८ पासून 'शट डाउन' पूर्ण बंद करत नाही, निम्मं आठवून ठेवतं. टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' बघा, रोज बंद होणारं मशीन वीस-वीस दिवस चालू असल्याचं दिसेल. 'रीस्टार्ट' द्या, ते मात्र सगळं झटकून उठतं.

जुन्या मराठी फाइलमध्ये चिनी-फारसी दिसतंय: फाइल बिघडलेली नाही. ती युनिकोडपूर्वीच्या (आजच्या, सगळीकडे चालणाऱ्या मराठीच्या आधीच्या) एखाद्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलीय आणि तो फॉन्ट या कॉम्प्युटरवर नाही. अक्षरं निवडून फॉन्टच्या चौकटीत कोणतं नाव येतं ते वाचा, तोच फॉन्ट मिळवून टाका.

दुकानात न्यायचाच झाला तर

सोबत वहीचं पान न्या. 'चालत नाही' असं सांगू नका. 'दुपारी तीननंतर, कूलर चालू असताना, वीस मिनिटांत बंद पडतो, भिंतीत थेट लावून पाहिला, रॅम साफ केली' असं सांगा. 'फॉरमॅट मारून देतो' असं पहिल्याच वाक्यात म्हणणाऱ्याला आधी विचारा, कशावरून? फॉरमॅट केलाच तर आधी बॅकअप कुणी घ्यायचा, हे ठरवून घ्या. आणि सीपीयूसोबत घरचीच पॉवर कॉर्ड न्या, दुकानदाराला तिच्यावरच लावायला सांगा. त्याच्या कॉर्डवर चालला आणि तुमच्या कॉर्डवर बंद पडला, तर नवी कॉर्ड घेऊन त्याच रिक्षानं परत या.